तिसरी गाठ

जसोदाबाईनं तापीमाईला नवस बोलला, तेव्हा माझं बीसुद्धा मातीत पडलेलं नव्हतं. तरी मी त्याच नवसाचं लेकरू. मी एक सुती दोरा आहे. लांबीनं दीड हाताहून थोडा कमी, हळदीनं पिवळा पडलेला, अंगावर तीन गाठी असलेला.

तो नवस असा होता. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलेना, म्हणून जसोदाबाई माघी पौर्णिमेच्या पहाटे तापीच्या थंड पाण्यात कमरेइतकी उभी राहिली. तिनं ओटी मागितली आणि बदल्यात शब्द दिला, की दरसाल शेतातल्या पहिल्या बोंडांचा दोरा आपल्या हातानं कातीन, माघी पौर्णिमेला तुझ्याच पाण्यात भिजवून गळ्यात घालीन, वर्षभर काढणार नाही, आणि जुना तुला वाहीन. वर्ष फिरायच्या आत मुलगा झाला. मागून मिळालेला, म्हणून त्याचं नाव भिकन ठेवलं.

माझ्याआधी असे वीस दोरे झाले. मी एकविसावा.

माझा जन्म एकोणीसशे अठ्ठावन्नच्या कार्तिकातला. नंदुरबारपासून बैलगाडीनं तीन-चार तासांवर, तापीच्या काठी जसोदाबाईच्या नवऱ्याचं, चुनीलालचं, शेत आहे. काळी जमीन, कापूस आणि थोडी केळी. जसोदाबाई पहिली बोंडं ओच्यात घेऊन घरी आली. बोटांनी एकेक सरकी सोडवली, पेळू केले आणि ओसरीवर टकळी फिरवत मला कातलं. पीळ घट्ट घातला, कारण मला वर्षभर टिकायचं होतं. मग मापायला चुनीलालच्या हाताशी धरलं आणि नेहमीसारखी चार बोटं लांबी जास्त ठेवली. ही चार बोटं ती का ठेवते, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं, तिचं तिलाही ते शब्दांत ठाऊक नव्हतं. हाताला ठाऊक होतं.

चुनीलाल तिला चिडवायचा, "इतला दोरा पानीमा सोड्यात. एक धोतर व्हई जातं." ती हसायची आणि मला देवघरात ठेवायची. पौर्णिमेपर्यंत आम्हाला पाणी लागू द्यायचं नाही, असा नेम होता.

पौर्णिमा आली. सूर्य उगवताना जसोदाबाई घाटावर उतरली. गडू तापीच्या पाण्यानं भरून घेतला, मला हातात धरलं, आणि भिजवणार इतक्यात वरून सुपडूची हाक आली. सुपडू म्हणजे त्यांचा शेजारचा शेतकरी, भिकनच्या बरोबरीनं त्या सकाळी पऱ्हाटीची गाडी भरत होता. कापूस वेचून झाला की झाडं कापतात, ती वाळलेली पऱ्हाटी चुलीला लागते. कापल्यावर जमिनीत वीत-वीत खुंट राहतात, तिरप्या तोंडाचे, विळ्यानं टोक काढल्यासारखे. भिकन भरल्या गाडीवर उभा होता. बैल बिचकले, गाडी हिसकली, आणि तो खुंटांवर पडला. एक खुंट डाव्या बाजूनं मानेत घुसला आणि मोडला.

सुपडूनं तो ओढून काढला होता. चुनीलालनं जखमेत मूठभर हळद दाबली होती आणि वर स्वतःचं पागोटं गुंडाळलं होतं. जसोदाबाई धावत पोचली ती एका हातात गडू आणि दुसऱ्या हातात मी, अशीच. मला तिनं पदराच्या टोकाला बांधलं आणि गाडीत चढली.

सडकेवर जिनाकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे, निघालेला कापसाचा ट्रक मिळाला. भिकनला कापसावरच निजवलं. माझेच भाऊबंद त्याच्या पाठीखाली होते. पागोटं लाल होत होतं, पण सावकाश. जसोदाबाईनं वाटभर त्याच्या कपाळावरचा हात उचलला नाही.

नंदुरबारला स्टेशनाजवळ दहा खाटांचा एक दवाखाना होता. डॉक्टर मधल्या वयाचे, हळू बोलणारे. पूर्वी पलटणीत होते असं लोक म्हणत. त्यांच्या हाताखाली फुलवंताबाई नावाची नर्स होती, खापर गावाकडची. सुपडू दारातून आत येता येताच अपघाताची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागला, तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, तुझ्या गळ्याला काही झालं नाही ते कळलं. आता बाजूला बस."

डॉक्टरांनी पागोटं सोडलं. रक्त थांबत आलं होतं. जखम रुपयाच्या नाण्याहून लहान, पण तोंडाशी रक्ताचा गोळा धरलेला. त्यांनी चुनीलालला विचारलं, खुंट कुठं आहे. चुनीलालनं तो कमरेला खोचून आणला होता. डॉक्टरांनी तो बशीत ठेवून निरखला. टोक शाबूत होतं, आत तुकडा राहिला नव्हता. पण रक्ताचा डाग दोन पेरं वर चढलेला होता. तेवढा तो आत गेला होता.

"हा काढायला नको होता," ते सुपडूला म्हणाले. "लाकूड आत असतं तोवर बुचासारखं असतं. पुढच्या वेळी तसंच घेऊन या." सुपडूनं मान खाली घातली.

मग त्यांनी भिकनला नाव विचारलं. आवाज घोगरा आहे का ते ऐकलं. दोन्ही मनगटांची नाडी धरली, दोन्ही हातांनी बोटं आवळायला लावली, पापण्या पाहिल्या. खोकायला लावून जखमेतून बुडबुडा येतो का ते पाहिलं, थुंकी पांढऱ्या कापडावर घेतली. जखमेभोवतीची कातडी दाबून बघितली, आत वारा शिरला असेल तर सरकी दाबल्यासारखी कुरकुर लागते म्हणाले. काही लागलं नाही. धनुर्वाताची सुई दिली, पेनिसिलिन दिलं.

त्यानंतर ते चुनीलाल आणि जसोदाबाईसमोर स्टूल ओढून बसले.

"मानेत मूठभर जागेत सगळं असतं," ते म्हणाले. "श्वासाची नळी, अन्नाची नळी, मेंदूला रक्त नेणारी शीर. खुंट त्यांच्या शेजारी जाऊन आला आहे. शिकवलं असं आहे, की इतकी खोल जखम उघडून बघायचीच. पण उघडताना आत धरलेली गुठळी सुटली आणि शीर वाहू लागली, तर माझ्याकडे द्यायला रक्त नाही, धरायला दुसरा डॉक्टर नाही. सुरतेला पाठवावं तर गाडी संध्याकाळी पाचला. गाडीत वाहू लागलं तर तिथं कुणीच नाही."

चुनीलालनं विचारलं, "मंग?"

"मंग बसून पाहायचं. नुसतं नाही, मोजून पाहायचं. आवाज बदलला, श्वासाला त्रास झाला, थुंकीत रक्त आलं, की मान सुजू लागली, तर मी थांबणार नाही. लगेच उघडीन." मग ते म्हणाले, "मी एकदा उघडून बघितलं होतं. आत काही नव्हतं, पण त्या माणसाचा आवाज गेला तो गेला. आणि एकदा थांबलो होतो, तो माणूस गेला. त्यामुळे मला विचारू नका की नक्की काय. नक्की मलाही माहीत नाही."

माणसं डॉक्टरकडे जातात ती त्याला सगळं ठाऊक असतं म्हणून. त्या दिवशी मला जसोदाबाईच्या पदरातून तिच्या काळजाचे ठोके लागत होते. पण ते शब्द ऐकल्यावर ते ठोके उलट सावकाश झाले. या माणसानं आपल्यापासून काही लपवलं नाही, असं तिला वाटलं असावं.

सूज मोजायची कशी, ही अडचण होती. हळदीनं आणि तेलानं मान माखलेली, तिच्यावर शाईची रेघ धरेना. मापाची फीत दौऱ्यावर गेलेल्या पेटीत राहिलेली. बँडेजची पट्टी ताणली की वाढते. डॉक्टरांची नजर जसोदाबाईच्या गळ्यातल्या दोऱ्यावर गेली.

ती दचकली. तो विसावा दोरा, माझा थोरला. नवा घातल्याशिवाय काढायचा नाही असा नेम. तिनं पदराची गाठ सोडली आणि मला पुढे केलं. पाणी न लागलेला, देवाला दाखवलेला दोरा तिनं परक्या माणसाच्या हातात दिला. हे तिला जड गेलं, ते तिच्या बोटांनी मला सांगितलं.

डॉक्टरांनी मला भिकनच्या मानेभोवती, जखमेच्या जरा वरून फिरवलं. जिथं दोन्ही बाजू भेटल्या तिथं दोन गाठी मारल्या, एक इकडे आणि एक तिकडे. गाठीला गाठ टेकत होती. उरलेली शेपटी खाली लोंबत राहिली.

"दर अर्ध्या तासानं हा गुंडाळायचा," ते जसोदाबाईला म्हणाले. "गाठी टेकल्या तर ठीक. मध्ये बोटभर अंतर पडलं तर मला बोलवायचं, आणि मग मी मागंपुढं बघणार नाही. हा नियम आत्ताच करून ठेवतो, कारण नंतर माझंही मन डगमगेल. आणि तोंडात काही द्यायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. अन्नाची नळी फाटलेली असली तर तोच थेंब घात करील."

अकरा वाजले, गाठी टेकल्या. साडेअकराला टेकल्या. बाराला टेकल्या. दरवेळी डॉक्टर येऊन नाव विचारत. बाराच्या वेळेला भिकन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तेच नाव शे. बदलनं नही." डॉक्टर हसले. आवाज स्वच्छ होता, म्हणून हसले.

पण दुपार चढली तशी त्याला तहान लागली. "माय, तीस लागनी," तो पुन्हा पुन्हा म्हणू लागला. गडू उशाशीच होता. तापीचं पाणी, तेही पौर्णिमेचं. पोराचे ओठ सुकलेले, आणि आईच्या हाताशी तीर्थ. मी तिचा हात दोनदा गडूकडे जाताना आणि दोनदा मागे येताना पाहिला. तिनं शब्द पाळला. थेंब दिला नाही.

अडीचचं माप झालं, गाठी टेकल्या. जसोदाबाई मला हातात घेऊन खिडकीशी उभी राहिली. पश्चिमेचं ऊन आत येत होतं. पौर्णिमेचा दिवस कलायला लागला होता आणि मी अजून कोराच होतो. एकवीस वर्षांत असं झालं नव्हतं. ज्याच्यासाठी नवस, तोच खाटेवर, आणि नवस आजच चुकतोय. तिला वाटलं, तोंडाला पाणी नको म्हणाले आहेत, मानेला नको असं कुठं म्हणाले? तीर्थात भिजलेला दोरा मानेला लागला तर तापीमाय तेवढ्यानं तरी त्याला शिवेल.

तिनं माझी शेपटी चिमटीत धरली आणि बाकीचा मला गडूत सोडला.

पाणी माझ्या अंगात शिरलं तसा माझा पीळ आवळत गेला. प्रत्येक नव्या दोऱ्याचं हे होतंच. मी आखडत होतो, आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं. तिनं मला पिळलं, डोळ्यांना लावलं, खिडकीच्या गजावर उन्हात टाकलं. तीन वाजेपर्यंत मी वाळलो.

तीनला तिनं मला भिकनच्या मानेभोवती घेतलं. गाठी टेकल्या नाहीत. मध्ये एक बोट अंतर होतं.

तिनं पुन्हा गुंडाळलं. पुन्हा तेच. फुलवंताबाईनं पाहिलं आणि ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी स्वतः माप घेतलं. मग नाडी पाहिली, ती तशीच. नाव विचारलं, आवाज तसाच. कातडी दाबली, कुरकुर नाही. "बाकी सगळं म्हणतंय थांब," ते फुलवंताबाईला म्हणाले, "आणि दोरा म्हणतोय सूज आत वाढली. नियम मीच केला होता. स्टोव्ह पेटव."

स्टोव्हचा आवाज सुरू झाला. हत्यारं उकळत्या पाण्यात पडली. चुनीलालनं कागदावर सही केली, अक्षर वाकडं आलं. भिकन आता विनोद करीत नव्हता. तो आईकडे बघत होता.

जसोदाबाईच्या हातात मी होतो. तिची बोटं सवयीनं माझ्यावरून फिरली, आणि थांबली. मधे मी ताठ होतो, चिवट. शेपटीला मऊ. तिनं परत फिरवून पाहिलं. आणि मग तिच्या हाताला जे वीस वर्षं ठाऊक होतं ते तिच्या डोक्यात आलं. चार बोटं. भिजवल्यावर दोरा आखडतो, गळ्यात घालताना डोक्यावरून जात नाही, म्हणून तर ती दरसाल चार बोटं जास्त कातत होती.

पण तिनं लगेच तोंड उघडलं नाही. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला कळत होतं, कारण मुठीत मी गच्च आवळला गेलो होतो. सांगितलं आणि डॉक्टर थांबले, आणि सूज खरंच वाढलेली असली तर? मग पोर तिच्या बोलण्यानं जाईल. नाही सांगितलं, आणि गुठळी सुटली तर? मग तिच्या गप्प राहण्यानं जाईल. शिवाय नवऱ्यासमोर, परक्यांसमोर सांगायचं, की तीर्थानं घोटाळा केला. तापीमाईला बोल लागेल याचीही तिला भीती वाटली.

फुलवंताबाई भूल द्यायच्या इथरची बाटली घेऊन आली.

जसोदाबाई डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिली. "साहेब, दोरा मी तापीना पानीमा वल्ला करेल शे," ती म्हणाली. "नवा दोरा वल्ला व्हयना की आखडस. चूक मन्ही शे. पानीनी नही."

चुनीलालनं तिच्याकडे असं पाहिलं की मीसुद्धा मुठीत लहान झालो. डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. ते काहीतरी कडक बोलणार असं वाटलं. पण त्यांनी फक्त हात पुढे केला.

"सगळा भिजवला?"

"शेपटी सोडीसन."

डॉक्टरांनी माझी कोरडी शेपटी टेबलावर सरळ केली, पेन्सिलीनं वीतभरावर दोन खुणा केल्या आणि ती पाण्यात बुडवली. पिळून स्टोव्हच्या उबेला धरली. पुन्हा टेबलावर ठेवली. खुणा अर्ध्या बोटानं जवळ आल्या होत्या. "वीतभराला अर्धं बोट," ते पुटपुटले. "मान जवळजवळ दोन विती." मान वर करून त्यांनी जसोदाबाईकडे पाहिलं. "म्हणजे बोटभर दोऱ्याचंच आहे."

त्यांनी मला पुन्हा भिकनच्या मानेभोवती घेतलं, आणि आता जिथं पहिली गाठ टेकत होती तिथं तिसरी गाठ मारली. "आता हा आखडायचा तेवढा आखडला. आता खरं सांगेल," ते म्हणाले. "हत्यारं तशीच राहू द्या. स्टोव्ह विझवू नका. अर्धा तास."

तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. कुणी बसलं नाही. सुपडूसुद्धा बोलला नाही. स्टोव्हवरचं पाणी आटलं, फुलवंताबाईनं दुसरं घातलं. जसोदाबाईचे ओठ हलत होते, पण डोळे मिटलेले नव्हते. ती देवाचं नाव घेत पोराच्या मानेकडे बघत होती. पुढे ती बायकांना सांगायची, की त्या दिवशी मला कळलं, प्रार्थना डोळे उघडे ठेवूनही करता येते.

पावणेचारला डॉक्टरांनी मला गुंडाळलं. तिसरी गाठ पहिलीला टेकली.

सव्वाचारला टेकली. पावणेपाचला टेकली. पाचला सुरतेच्या गाडीनं शिट्टी दिली आणि ती निघून गेली. कुणी खिडकीकडे पाहिलं नाही. मग डॉक्टरांनी स्टोव्हची चावी फिरवली.

"मी तुम्हाला सांगायला हवं होतं, कोरडा ठेवा म्हणून," ते जसोदाबाईला म्हणाले. "माझ्या ध्यानात आलं नाही. तुम्ही सांगितलं म्हणून मी पोराची मान उगाच कापली नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिकनला पहिला घोट मिळाला. डॉक्टरांनी तो उकळलेल्या पाण्याचाच दिला आणि गिळताना दुखतं का ते बघितलं. दुखलं नाही. मग म्हणाले, आता तुमचं तीर्थ द्या, पण उकळून. जसोदाबाईनं तापीचं पाणी उकळलं. तिसऱ्या दिवशी मला परत दिलं, तेव्हा तिनं मला गळ्यात घातलं. पौर्णिमा उलटून गेली होती. तापीमाय कुठं घाईत असते, असं ती म्हणाली.

पाचव्या दिवशी भिकन घरी आला. मानेवर चिंचोक्याएवढा व्रण राहिला. पुढे सारंगखेड्याच्या जत्रेत घोड्यांचा भाव करताना तो उजवा गाल पुढे करायचा, म्हणजे व्यापाऱ्यानं विचारू नये. विचारलंच तर अख्खी गोष्ट सांगायचा.

वर्षानं मला पाण्यात सोडायची वेळ आली. त्या कार्तिकात जसोदाबाईनं दोन दोरे कातले. एक स्वतःच्या गळ्यात घातला, एक माझ्याऐवजी तापीला वाहिला, आणि मला ठेवून घ्यायची परवानगी मागितली. त्याच वेळी, पाण्यात उभी असताना, तिनं दुसरा नवस बोलला. आपल्या माणसाच्या आजारात माझ्या हातून जे झालं असेल, हळद असो, मुळी असो, तीर्थ असो की एखादा घास, ते डॉक्टरनं विचारायच्या आधी मी सांगीन. लाज वाटली तरी सांगीन.

त्याला आता नऊ वर्षं झाली. मी देवघरातल्या पितळी डबीत असतो. गावातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की बायका आधी इथं येतात. मागच्या पावसाळ्यात गजराबाई सुनेला घेऊन आली होती. सून बाळंतपणाला निघालेली, घाबरलेली. जसोदाबाईनं मला तिच्या तळहातावर ठेवलं आणि ही गोष्ट सांगितली. तेव्हा सासूनंच हळूच कबूल केलं, की काल एक झाडपाला वाटून पाजला आहे. दवाखान्यात पोचल्यावर तिनं ते पहिल्या वाक्यातच सांगितलं. आई आणि मूल दोघं सुखरूप परत आली, बाळाला माझ्या डबीपाशी आणून टेकवलं.

मी आता जुना झालो आहे. पीळ सैल पडतोय, एक दिवस मीही तापीला जाईन आणि ते मला चालेल. तोवर एवढंच मागणं आहे. घरात देव असतील तर देवापुढं, नसतील तर नदीपुढं, विहिरीपुढं, चुलीपुढं उभे राहा. माझी ही तिसरी गाठ डोळ्यांसमोर आणा. आणि जसोदाबाईनं बोलला तसा, विचारायच्या आधी सांगायचा, हा नवस तुम्हीही बोला.